रात्रभराचं नाटक एका डिस्कमध्ये मावतं का?

दिवाळी आटोपली की वडशाच्या नाट्यमंडळांच्या गाड्या निघतात आणि होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांत रात्रीची नाटकं थांबत नाहीत. मंडई, शंकरपट, लेकी-जावयांचा राबता, आणि मग रात्री दहाच्या सुमारास वर गेलेला पडदा पहाटेच खाली येतो. या नाटकांचं, आणि उन्हाळ्यात याच भागातल्या शूटिंगवाल्यांनी टिपलेल्या लग्नांचं चित्रण आज घराघरांत पडून आहे. काही व्हीएचएस कॅसेटवर, काही व्हीसीडीवर, काही डीव्हीडीवर. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. अशा रंगभूमीचे जुने प्रयोग जपायचे, तर हे घरगुती चित्रणही मोलाचंच.

पण ‘सगळं डीव्हीडीवर घेऊन द्या’ म्हणत दुकानाची पायरी चढणाऱ्याच्या डोक्यात काही समज पक्के बसलेले असतात. काही निरुपद्रवी आहेत, काही कायमचं नुकसान करतात. जास्त नुकसान करणारा आधी घेऊ.

तो समज असा की, व्हीसीडीवरून डीव्हीडी केली म्हणजे चित्र साफ होतं.

होत नाही. व्हीसीडी १९९३ सालची. तिच्यावर एमपेग-१ पद्धतीने चित्र लिहितात आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत तिच्या एका चौकटीत ३५२ गुणिले २८८ ठिपके असतात. डीव्हीडी एमपेग-२ वापरते आणि तिच्यात ठिपके असतात ७२० गुणिले ५७६. म्हणजे व्हीसीडीकडे डीव्हीडीच्या जेमतेम पाव हिस्सा ठिपके. व्हीसीडीवरून डीव्हीडी करताना संगणक त्या पाव हिश्शालाच ताणून मोठं करतो. जे टिपलंच गेलं नाही ते येणार कुठून? शिवाय एकदा दाबून लहान केलेलं चित्र पुन्हा दाबलं जातं, आणि चेहऱ्यांभोवती दिसणारे चौकोन आणखीच उठून दिसतात. दुकानदाराने रंग भडक करून दिले तर घरचे खूश होतात. तपशील तेवढाच राहतो.

इथे माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेटची आठवण करून द्यायला हवी. तिला आता कोणी विचारत नाही, पण व्हीसीडीपेक्षा तिच्यात ऐवज जास्त आहे. आडवा तपशील कमीच, सुमारे २४० रेषांचा. मात्र कॅसेट सेकंदाला ५० अर्धचित्रं नोंदवते. एक पूर्ण चौकट दोन भागांत, अशा २५ चौकटी. व्हीसीडी करताना ही अर्धचित्रं गळतात आणि निम्म्या उंचीच्या २५ चौकटी तेवढ्या उरतात. नाटकातल्या नर्तकीची गिरकी कॅसेटवर सलग दिसते आणि व्हीसीडीवर धक्के खात फिरते, ती यामुळेच. २००० नंतरच्या दशकात कित्येक घरांनी कॅसेटची व्हीसीडी करून घेतली आणि ‘आता हिचं काय काम’ म्हणून कॅसेट अडगळीत टाकली. ती अजून असेल, तर नवी प्रत तिच्यावरूनच काढायची. व्हीसीडीकडे वळायचं ते कॅसेट खरोखरच गेली असेल तरच.

छोटी मिनी डीव्ही कॅसेट हाती लागली, तर सोन्याहून पिवळं. तिच्यावरचं चित्र मुळातच डिजिटल, ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, आणि तासाला साधारण १३ जीबी भरणारं. ते फायरवायर जोडणीने संगणकावर जसंच्या तसं उतरवता येतं. त्याऐवजी कॅमेऱ्याला पिवळी-लाल-पांढरी वायर लावून घेणारे भेटतात. तसं केलं की डिजिटल चित्राचं आधी साध्या सिग्नलमध्ये रूपांतर होतं, मग पुन्हा डिजिटलमध्ये, आणि फुकट नुकसान होतं. काम देताना ‘फायरवायरने घेणार का?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक जाणता आहे.

आता शीर्षकातला प्रश्न. “भाऊ, पुरं नाटक एकाच सीडीत बसवून दे ना जी,” ही मागणी नवी नाही. बसतं का? बसतं. पण कसं बसतं ते आकड्यांतच बघायला हवं.

साध्या, एका थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी, म्हणजे सुमारे ३,७६० कोटी बिट. दोन तासांच्या चित्रणाला ती वाटली, तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला ५२ लाख बिट येतात. हा चांगला दर. तासाभराचंच चित्रण असेल तर डीव्हीडीच्या नियमांनी ठरवलेली कमाल गाठता येते. चित्रासाठी ती सेकंदाला ९८ लाख बिट आहे. आता पाच तासांचं नाटक घ्या. सेकंदाच्या वाट्याला २१ लाखांच्या आसपास उरतात आणि आवाजाचा वाटाही त्यातूनच जायचा. एका जागी बसून बोलणाऱ्या माणसाचं चित्रण एवढ्यात कसंबसं निभावतं. झाडीपट्टीच्या रंगमंचावर मात्र रंगीत दिव्यांची उघडझाप असते, धूर असतो, मागे अंधार असतो आणि पुढे नाच. चित्र दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला याहून अवघड काही नाही, कारण एका चौकटीतलं पुढच्या चौकटीत जसंच्या तसं वापरता येईल असं फार थोडं उरतं. मग खलनायकाच्या जरीच्या कोटाची खिचडी होते.

म्हणून पाच तासांच्या नाटकाला तीन डिस्क लावाव्यात आणि तोडायचं ते अंक संपतो तिथे. दोन थरांची ८.५ जीबीची डीव्हीडी मिळते. तिच्यावर हाच हिशेब सेकंदाला ३८ लाख बिटांपर्यंत जातो. मात्र एका थरावरून दुसऱ्यावर जाताना जुने प्लेअर क्षणभर थबकतात, काही अडकूनच बसतात. माझं मत तीन साध्या डिस्कच्या बाजूने.

शूटिंगवाल्याने जागेचा नीट वापर केला का, हे यंत्राशिवायही कळतं. डिस्कची जांभळट बाजू उजेडात तिरपी धरा. लेखन मधल्या छिद्राजवळून सुरू होऊन बाहेर सरकतं. लिहिलेल्या भागाची छटा थोडी वेगळी दिसते आणि लेखन जिथे थांबलं तिथे गोलाकार कडा स्पष्ट उमटते. दोन तासांच्या लग्नाच्या डिस्कवर ही कडा अर्ध्यातच आली असेल, तर अर्धी जागा रिकामी ठेवून चित्र उगाच दाबलं आहे. पुन्हा करून मागा, संकोच करू नका.

“लॅपटॉपवर चालते, टीव्हीवर चालत नाही. डिस्कच खराब दिली.” ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते. डीव्हीडीवर काहीही लिहिता येतं: फोटो, सातबाराचं स्कॅन, मोबाइलची एमपी४ फाइल. पण टीव्हीजवळचा जुना प्लेअर शोधतो ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर आणि त्यात ठरलेल्या पद्धतीच्या फाइली. ते नसेल तर तो ‘नो डिस्क’ म्हणून मोकळा होतो. एमपी४ नुसती ओढून टाकलेली डिस्क ही डेटा डिस्क. तिची व्हिडिओ डीव्हीडी करायची तर चित्र एमपेग-२ मध्ये बदलून मेन्यूसकट रचावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर लिहिलेली डिस्क दुसरीकडे चालत नसेल, तर ती बहुधा ‘फायनलाइज’ करायची राहिली आहे. त्याच रेकॉर्डरमध्ये घालून तेवढं करून घ्या.

याच फोल्डरमुळे उलट दिशेचाही एक घोटाळा होतो. व्हिडिओ डीव्हीडीवरची फिल्म एका फाइलीत नसते, गिगाबाइटभराच्या व्हीओबी तुकड्यांत विभागलेली असते. पेनड्राइव्हवर पहिलाच मोठा तुकडा घेतला की अर्ध्या तासात, मंगलाष्टकं संपायच्या आत, लग्न संपतं, आणि डिस्क तोवर भंगारात गेलेली असते. पूर्ण फोल्डर घ्या, किंवा सरळ अख्ख्या डिस्कची आयएसओ प्रतिमा काढा. त्यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही, दर्जा तसूभरही कमी होत नाही.

किरकोळ शंका भराभर उरकतो. डीव्हीडी-आर पायोनियरने १९९७ साली आणली, डीव्हीडी+आर सोनी-फिलिप्सच्या गटाने २००२ साली. नंतरचे बहुतेक प्लेअर दोन्ही वाचतात, तेव्हा त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ४.७ ची डिस्क संगणकावर ४.३७ दिसते, कारण संगणक १,००० ऐवजी १,०२४ ने भागतो. दुकानदाराने काही खाल्लेलं नाही. आणि अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवलेली लग्नाची डीव्हीडी तिथे चालली नाही, तर ‘रीजन’ला दोष देऊ नका. भारताचा रीजन ५ आणि अमेरिकेचा १ हे खरं, पण ते कुलूप सिनेमाच्या विकतच्या डिस्कना असतं, घरी लिहिलेल्या डिस्कना नव्हे. अडचण पाल आणि एनटीएससीची असते. आपली डिस्क सेकंदाला २५ चौकटींची, तिथल्या टीव्हीची सवय जवळपास ३० ची. मुलाला सांगा, लॅपटॉपवर लाव.

‘डीव्हीडी शंभर वर्षं टिकते’ या समजाला मात्र थोडा वेळ द्यायला हवा, कारण आपल्याकडची हवा त्याच्या पूर्ण विरोधात आहे. विकतच्या सिनेमाच्या डिस्कवर खड्डे साच्याने ठोकलेले असतात. आपण लिहितो त्या डिस्कवर रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर त्यात खुणा करतो. हे द्रव्य ऊन, उष्णता आणि ओल यांनी बिघडतं. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेने २००३ साली डिस्क सांभाळण्याची मार्गदर्शिका काढली. तिने सांगितलेलं तापमान ४ ते २० अंश आणि हवेतली आर्द्रता २० ते ५० टक्के. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना ४६-४७ अंशांचा, आणि पाठोपाठ गडचिरोलीचा पावसाळा, ज्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते! शंभर वर्षांचा दावा करणाऱ्याने ही हवा हिशेबात धरलेली नाही. कवेलूखालचा माळा आणि पत्र्याला टेकलेलं लोखंडी कपाट या डिस्क ठेवायच्या सगळ्यात वाईट जागा. आतल्या खोलीत, उन्हाचा पत्ता नसलेल्या भिंतीशी, डबीत उभ्या ठेवाव्यात.

चमकती बाजू नाजूक आणि छापील बाजू मजबूत, हेही व्हीसीडीच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. सीडी-व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो. तिथे टोकदार पेनने वराचं नाव लिहिलं की चित्रावरच घाव बसतो. चमकत्या बाजूचा चरा निदान पुसट करता येतो. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि थर मधोमध सुरक्षित असतो, म्हणून ती ओरखड्याला कमी आणि वाकवण्याला जास्त घाबरते. डबीतून काढताना मधली खुंटी दाबा, कड धरून ओढू नका. नवरा-नवरीच्या फोटोचे चिकट लेबल टाळा, त्याने डिस्कचा तोल जातो. पुसायची ती मधून बाहेरच्या कडेकडे, गोल गोल नाही.

‘मग सगळं पेनड्राइव्हवर टाकू’ हा आजचा समज. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक. वर्षानुवर्षं न वापरता पडला तर त्यातला विद्युतभार हळूहळू गळतो, आणि त्याआधी तो बहुधा हरवतोच. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या घरात, आणि बघायला हवी तर डीव्हीडी, असं ठेवा.

नाटकाच्या चित्रणाबद्दल एक गोष्ट बजावायला हवी. ‘आपण शूट केलं, म्हणजे आपलं झालं’ हे खरं नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार संहितेवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो, आणि कलावंतांना त्यांच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. घरी बघणं वेगळं. प्रती काढून विकणं किंवा चालू हंगामातलं नाटक इंटरनेटवर टाकणं म्हणजे तिकिटावर जगणाऱ्या मंडळाच्या पोटावर पाय.

आता उरतो वेळेचा प्रश्न. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मिनी डीव्ही कॅसेट आणि लिहिण्याच्या ब्ल्यू-रे डिस्क दोन्ही बंद केल्या. कॅसेट टिकली तरी ती चालवणारं यंत्र शोधावं लागतं, आणि चालू यंत्रं दरवर्षी कमीच होणार. घरात व्हीएचएस असेल तर तिच्या पारदर्शक खिडकीतून फितीची कड बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, फीतही जाईल आणि हेडही. भुकटी नसेल, तर रोवणीच्या दिवसांत, नाटकांचा हंगाम सुरू होण्याआधी, शूटिंगवाल्याच्या हाताला उसंत असते तेव्हा ती त्याच्याकडे न्या. काम झाल्यावर नवी डिस्क शेवटपर्यंत चालवून बघा, आणि मूळ कॅसेट आठवणीने परत मागून घ्या.