भुशीतली नोकरी सुटली, पीएफचं काय?

लोणावळा-भुशी परिसरातल्या हॉटेलांत कामगार सारखे मालक बदलतात. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधीचा (पीएफ) कायदा लागू होतो.

पगारातून 12 टक्के कापले जातात, मालकही तितकेच भरतो. मात्र मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के (15,000 रुपये पगाराच्या मर्यादेत, म्हणजे महिना 1,250 पर्यंत) पेन्शन योजनेत जातात. त्या रकमेवर व्याज जमत नाही; पैसे काढल्यास सेवेच्या कालावधीप्रमाणे तक्त्यानुसार मिळतात.

पीएफसाठी फॉर्म 19, पेन्शनसाठी 10सी. सेवा दहा वर्षांहून कमी असेल, तर 10सीवरच ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागता येतं. आमचा आग्रह त्याचाच: पुढच्या नोकरीची वर्षं मागच्या वर्षांना जोडली जातात. दहा वर्षं भरली की 58व्या वर्षापासून पेन्शन. 15,000 पगार आणि दहा वर्षं सेवा धरली तर महिना सुमारे 2,142 रुपये. चार ठिकाणी थोडं थोडं काढून घेणाऱ्याचा हा हक्क हातचा जातो.

जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगार स्वतः पीएफच्या पोर्टलवर ती नोंदवू शकतो. आधार आणि यूएएनवरचं (पीएफ खाते क्रमांकावरचं) नाव जुळतंय ना, तेही पाहावं.

सेवेच्या पाच वर्षांच्या आत 50,000 किंवा जास्त रक्कम काढल्यास टीडीएस कापला जातो. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने नोकरी सुटल्यावर पूर्ण पीएफसाठी 12 आणि पेन्शनच्या रकमेसाठी 36 महिने थांबण्याचा निर्णय घेतला. अर्जापूर्वी चालू नियम तपासा.