अंगण सुटलं, गुलाब राहिले

आनंद नगर, भोपाळ

भोपाळ म्हटलं की मराठी वाचकाला मोठा तलाव आठवतो, नाहीतर 1984 ची वायुगळतीची ती रात्र. आनंद नगर शहराच्या पूर्व टोकाला, रायसेन रोडवर आहे. इथून शहराकडे निघालं की आधी पिपलानी लागतं, म्हणजे भेलची, भारत हेवी इलेक्ट्रिकल्सची वसाहत. इथली म्हातारी माणसं कशी राहतात हे सांगायचं तर आधी भेलबद्दल सांगायला हवं.

1956 मध्ये नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी बिऱ्हाडं इकडे आली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तंत्रज्ञान ब्रिटनच्या एईआय कंपनीचं. कारखान्याचं लोकार्पण 1960 मध्ये नेहरूंच्या हस्ते झालं आणि 1974 मध्ये कंपनी भेलमध्ये विलीन झाली. कारखान्याबरोबर पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा इथे क्वार्टर्स उभी राहिली. खोल्या बेताच्या, पण भोवतीची जमीन सढळ. एका फिटरच्या दारात आंबा, पेरू, शेवगा, कढीपत्ता असायचा, आणि पत्र्याच्या आडोशाला त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉपही.

पण क्वार्टर कंपनीचं. निवृत्ती झाली की ते खाली करायचं. म्हणून ग्रॅच्युइटी आणि फंडाच्या पैशांतून अनेकांनी जवळपासच घर घेतलं, कोणी अवधपुरीत, कोणी आनंद नगरात. बहुतेकांची पहिली पसंती डुप्लेक्सला. भोपाळमध्ये या शब्दाला मोठा मान आहे. वर-खाली दोन मजले, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, पुढे मोटार उभी राहील एवढी फरशी. खोल्या वाढतात आणि अंगण जातं, म्हणजे नेमकी छंदाचीच जागा जाते.

खरं लहान घर त्यानंतर दहा-बारा वर्षांनी येतं. गुडघे बोलू लागतात, मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेली असतात, वरचा मजला कुलुपात जातो. मग डुप्लेक्स विकून किंवा भाड्याने देऊन तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. एकाच आयुष्यात दोनदा आवराआवर केलेली ही माणसं आहेत, म्हणून त्यांचं ऐकावंसं वाटतं.

नातेवाईक सल्ला देतात, ‘आता सगळं देऊन टाका, सुटसुटीत राहा.’ मला हा सल्ला निम्माच पटतो. इथल्या घरांत डोकावल्यावर दिसतं ते असं, की जागा खाल्लेली असते ती पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सामानाने. वर्षातून चार दिवस येणाऱ्या मुलासाठी पेटीपलंग, त्यात गाद्या, लोखंडी कपाटात जेवणावळीची भांडी. हे सगळं नव्या घरात बिनबोभाट शिरतं आणि हार्मोनियम मात्र ‘अडचण’ ठरते. मुलगा आता हॉटेलात राहायलाही तयार असतो, पण हे त्याला विचारतो कोण?

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त फिटरनी उलटा क्रम लावला. आधी गॅलरीच्या कोपऱ्यात शेगड्याची (बेंच व्हाइसची) जागा आखली, मग उरलेल्या जागेत पलंग कुठला मावतो ते पाहिलं. लेथ विकला, त्याचं दुःख झालं. पण शेगडा, कानशी, हातड्रिल आणि मायक्रोमीटर राहिलं. सोसायटीतली कुकरची हँडलं आणि सायकली तेच दुरुस्त करतात. आवाज दुपारी बारापर्यंतच, असा शेजाऱ्यांशी तोंडी करार आहे. (बायकोशीही आहे, तो जास्त कडक.)

गुलाबवाल्यांची गोष्ट वेगळी. जमिनीतलं झुडूप उचलून कुंडीत घालणं एवढ्यावर भागत नाही. भोपाळची काळी माती कुंडीत घट्ट बसते, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. म्हणून त्यात वाळू आणि शेणखत मिसळावं लागतं, आणि मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की पश्चिमेची गॅलरी निरुपयोगी ठरते. जाणकार माणूस फ्लॅट बघायला जाताना आधी ऊन कुठून येतं ते विचारतो, मग भाव. झाडं कमी झाली तरी थंडीत गुलाब उद्यानातलं प्रदर्शन कोणी चुकवत नाही. पूर्वी पन्नास झाडं जगवणारा आता सहाच जगवतो, पण कळ्या निवडून.

पुस्तकांचं अवघड. इथे दिवाळी अंकांचे गठ्ठे रद्दीत घालायला हात होत नाही, आणि मराठी वाचणारा शेजारी दर मजल्यावर मिळत नाही. अडचण मुळात घरांच्या आखणीतही आहे. सिंगापूरमध्ये सरकार पंचावन्न वर्षांवरच्यांना दोन खोल्यांचे फ्लॅट 15 ते 45 वर्षांच्या अल्प मुदतीच्या पट्ट्याने विकतं. आमच्याकडचा बिल्डर मात्र तीन बेडरूमच्या खाली बोलत नाही आणि माहितीपत्रकात जिम दाखवतो. जिमऐवजी एक कुलूपबंद खोली दिली असती तर हार्मोनियम, अंक आणि खताची पोती सगळ्यांचीच सोय झाली असती.

आमच्या सोसायटीत रखवालदाराच्या खोलीवरची रिकामी जागा यासाठी मागितली आहे. विरोध कोणाचाच नाही. भांडण एवढंच, की किल्ली भजनी मंडळाकडे राहणार की वाचकांकडे.