तारापूरचा हिशोब कोणाच्या वहीत?

८ मे १९६४ रोजी भारत सरकारने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक (जीई) कंपनीशी तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करार केला, तेव्हा कंपनीजवळ दाखवायला फारसे काही नव्हते. इलिनॉयमधली ड्रेस्डेन ही तिची पहिली मोठी व्यापारी अणुभट्टी १९६० मध्ये सुरू झाली होती. म्हणजे अनुभव जेमतेम चार वर्षांचा, आणि तेवढ्या भांडवलावर सात समुद्रांपलीकडे, चिंचणीच्या खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर, दोन भट्ट्या उभारायची हमी.

करार 'टर्न-की' होता. ठरलेल्या रकमेत केंद्र उभारायचे, चालवून दाखवायचे आणि किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. डिसेंबर १९६३ मध्ये न्यू जर्सीतल्या ऑयस्टर क्रीकसाठी कंपनीने असाच करार केला होता. अणुवीज कोळशाच्या विजेशी दरात टक्कर देऊ शकते, हे जगाला पटवण्यासाठी जीई आणि तिची प्रतिस्पर्धी वेस्टिंगहाउस या दोघींनी अशी कंत्राटे घेतली आणि त्यांत जबर तोटा सोसला. पुढे दोघींनीही ही पद्धत सोडली. कंपनीच्या जमाखर्चात पाहिले तर तारापूरच्या पिढीचा हा माल आतबट्ट्याचाच होता.

भारताच्या बाजूने हा सौदा होमी भाभांच्या आग्रहाचा. त्यांच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी होते. समृद्ध युरेनियमवर चालणारी, साध्या पाण्याची ही भट्टी त्यात बसत नव्हती. तरी देशात अणुवीज लवकर दिसावी म्हणून त्यांनी हा अपवाद केला. अमेरिकेने अत्यल्प व्याजाचे कर्ज दिले, बेक्टेल कंपनीने बांधकाम सांभाळले, ऑक्टोबर १९६४ मध्ये काम सुरू झाले. भाभा जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात गेले. २८ ऑक्टोबर १९६९ पासून प्रत्येकी २१० मेगावॉटच्या या दोन भट्ट्यांची वीज महाराष्ट्र आणि गुजरातला मिळू लागली.

परक्या जाणकाराच्या हाती कारभार सोपवणे या पट्ट्याला नवे नाही. चिंचणीलाच सापडलेला इसवी सन ९२६ चा राष्ट्रकूटकालीन ताम्रपट सांगतो, की संजाणच्या मंडलावर राजाने एक अरब अधिकारी नेमला होता. फरक एवढाच, की त्याला कामावरून दूर करणे राजाच्या हातात होते. अणुभट्टीचे तसे नसते.

तारापूरच्या भट्टीत एक खास रचना होती. भट्टीत उकळलेल्या पाण्याची वाफ थेट टर्बाइनकडे जाई. शिवाय भट्टीतले गरम पाणी वेगळ्या बाष्पजनित्रांत फिरवून कमी दाबाची आणखी वाफ मिळवली जाई. कागदावर ही युक्ती सुरेख होती. प्रत्यक्षात त्या बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ती यंत्रणा कायमची बाजूला काढावी लागली आणि २१० मेगावॉटची भट्टी १६० वर आली. त्याआधी, सुरुवातीच्या वर्षांत, इंधनाच्या नळ्यांना गळती लागून केंद्रातला किरणोत्सार वाढला होता. दुरुस्तीला माणसे पाळीपाळीने, थोडा थोडा वेळ आत पाठवावी लागत. त्यांना मिळणाऱ्या किरणोत्साराची किंमत कंपनीच्या कंत्राटात कुठेच धरलेली नव्हती.

मग हा माल फसला का? उत्तर देण्यापूर्वी तारापूरच्या भावंडांकडे बघावे. ड्रेस्डेनची पहिली भट्टी १९७८ मध्ये बंद पडली. कॅलिफोर्नियातली हम्बोल्ट बे १९७६ मध्ये थांबली. जर्मनीत गुंडरेमिंगेनची पहिली भट्टी जानेवारी १९७७ मधल्या अपघातानंतर पुन्हा सुरू झालीच नाही. इटलीतली गारिल्यानो १९७८ मध्ये थांबली ती कायमचीच. तिथेही दुखणे बाष्पजनित्रांचेच होते. पाश्चात्त्य देशांत या वंशाच्या भट्ट्या मोडीत निघत असताना तारापूरच्या दोघी चालत राहिल्या आणि जगातल्या सर्वांत जुन्या व्यापारी अणुभट्ट्यांत गणल्या जाऊ लागल्या.

बाकीच्या देशांना त्या मोडीत काढणे परवडत होते, आपल्याला नव्हते. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेने इंधनाबाबत हात आखडता घेतला आणि १९७८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्याने पुरवठ्याची दारे जवळजवळ मिटली. इंधन आयुष्यभर पुरवण्याचे वचन दोन्ही सरकारांमधल्या करारात होते, पण वचन देणाऱ्या देशाचाच कायदा बदलला! १९८२ च्या करारानुसार फ्रान्सने इंधन दिले, १९९५ मध्ये चीनने, पुढे रशियाने. मधल्या काळात तारापुरातच प्लुटोनियम मिसळलेले इंधन तयार करून वापरून पाहिले गेले. सुटे भाग येईनात तेव्हा इथल्याच अभियंत्यांनी आणि कारागिरांनी वाटा शोधल्या. जीईने विकलेल्या यंत्राला जगवले ते या मंडळींनी. यंत्राच्या दीर्घायुष्याचे श्रेय कंपनीच्या माहितीपत्रकाला देणे हा शुद्ध अन्याय ठरेल.

अर्थात जगवणे म्हणजे निर्धोक करणे नव्हे. फेब्रुवारी १९७६ मध्ये जीईच्याच तीन अभियंत्यांनी अणुभट्ट्यांच्या सुरक्षेच्या प्रश्नावर राजीनामे दिले. त्यांतले डेल ब्रायडनबॉ यांचा मुख्य आक्षेप भट्टीभोवतीच्या सुरक्षा-कवचाच्या 'मार्क वन' रचनेवर होता. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाला जी पहिली भट्टी वितळली, ती जीईचीच, १९७१ मध्ये सुरू झालेली, मार्क वन कवचाची. तारापूरच्या दोन भट्ट्या त्याच घराण्यातल्या, किंबहुना थोड्या थोरल्या. फुकुशिमानंतर इथे तपासणी झाली, आणीबाणीत बाहेरून पाणी सोडण्याची सोय केली गेली. स्टेनलेस स्टीलच्या नळांना तडे जाणे हा या जातीचा जुना आजार. २०२० मध्ये दोन्ही भट्ट्या थांबवून भट्टीतले पाणी फिरवणारे नळ बदलण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले.

जीई आणि बेक्टेल ही जोडी कोकणच्या किनाऱ्यावर पुन्हा आली ती दाभोळच्या वीजप्रकल्पात, एन्रॉन कंपनीची भागीदार म्हणून, प्रत्येकी १० टक्के हिस्सा घेऊन. १९९९ मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प दोन वर्षांतच बंद पडला, तो विजेच्या दराच्या भांडणात. तिथले यंत्रज्ञान तारापूरच्या मानाने कितीतरी रुळलेले होते. नव्या मालाचा धोका आणि वाईट कराराचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि महाराष्ट्राला महागात पडला तो दुसरा.

धोका कोणी वाहायचा, हा प्रश्न जीईने पुढे स्वतःपुरता सोडवून टाकला. २०१० मध्ये भारताने अणुदुर्घटनेच्या भरपाईचा कायदा केला आणि यंत्र पुरवणाऱ्यावरही जबाबदारी येण्याची शक्यता निर्माण झाली. आंध्रातल्या कोव्वाडा इथे जीईला सहा भट्ट्यांची जागा नेमून दिलेली होती. २०१५ मध्ये कंपनीने या कायद्याखाली जोखीम घेणार नसल्याचे स्पष्ट केले आणि ती जागा वेस्टिंगहाउसकडे गेली. १९६४ मध्ये कच्च्या मालावर पैज लावणारी कंपनी पन्नास वर्षांनी पक्क्या मालाचीही हमी देईना.

तारापूरच्या आवारात आता चार भट्ट्या आहेत. तिसरी आणि चौथी प्रत्येकी ५४० मेगावॉटची, भारतीय बनावटीची, २००५-०६ मध्ये सुरू झालेली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली आणि पुनर्वसनाची भांडणे उच्च न्यायालयापर्यंत गेली. मच्छीमारांच्या तक्रारी वेगळ्याच. कंपनीच्या वहीत तोटा, अणुऊर्जा विभागाच्या वहीत अभिमान, या गावांच्या वहीत विस्थापन: एकाच तारापूरच्या या तीन नोंदी आहेत आणि त्यांतली एकही खोटी नाही.

तरीही निकाल द्यायचाच झाला तर तो असा: जीईचा माल कच्चा होता, सौदा मात्र फसला नाही, कारण विकत घेणाऱ्याने तो फसू दिला नाही. आता त्याच कुळातली ३०० मेगावॉटची छोटी भट्टी जीईची वारसदार कंपनी कॅनडात उभारते आहे, आणि आपल्याकडेही छोट्या भट्ट्यांची चर्चा जोरात आहे. पुढचा करार करण्यापूर्वी तारापूरच्या पन्नास वर्षांच्या दुरुस्तीच्या आणि कामगारांना मिळालेल्या किरणोत्साराच्या साऱ्या नोंदी सरकारने मराठीत छापून चिंचणी-तारापूरच्या ग्रामपंचायतींत ठेवाव्यात.