पाणी वाहते आहे ना?

12 जून 2014 ची संध्याकाळ. भिलाईच्या पोलाद कारखान्यात पंप हाऊसमध्ये बिघाड झाला आणि झोतभट्टीचा वायू धुऊन काढणाऱ्या यंत्रणेकडे जाणाऱ्या पाण्याचा दाब एकाएकी उतरला. पाण्याचा धाक सुटताच वायू बाहेर पडला. त्यात कार्बन मोनॉक्साईड होता. त्याला ना रंग, ना वास. सहा जणांचा बळी गेला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते.

पोलाद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आग उभी राहते. पण 1959 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेली भिलाईची पहिली झोतभट्टी काय किंवा आजची कुठलीही भट्टी काय, ती तगते पाण्यावर. भट्टीत गरम हवा सोडणाऱ्या तांब्याच्या तोट्यांतून पाणी सतत खेळते राहिले नाही, तर त्या पाहता पाहता वितळून जातील.

मग बंद पाइपात पाणी वाहते आहे, हे ओळखायचे कसे? दाब दाखवणाऱ्या घड्याळावर विसंबता येत नाही. पुढचा व्हॉल्व्ह बंद असला तरी काटा ऐटीत वरच असतो! मोठ्या नळांसाठी प्रवाहमापक असतात. लहान नळांसाठी एक साधीच युक्ती आहे: पॅडल फ्लो स्विच.

पाइपात वरून एक पातळ पाते सोडलेले असते. प्रवाह त्याला ढकलतो, पाते कलते आणि वरच्या डबीतला स्विच दाबला जातो. प्रवाह मंदावला की स्प्रिंग पात्याला मागे खेचते, स्विच सुटतो. घंटा वाजते किंवा यंत्र आपोआप थांबते. जोडणी नीट केलेली असेल तर तार तुटली तरीही घंटा वाजतेच. किती पाणी वाहते हे मात्र त्याला सांगता येत नाही. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणेतही हाच पहारेकरी असतो. घरचा गॅस गीझर नळ सोडल्याशिवाय पेटत नाही, त्यामागची रचना निराळी, कल्पना तीच.

पाते पाइपाच्या व्यासानुसार कापावे लागते. वळणाजवळ पाणी घुसळते, म्हणून दोन्ही बाजूंना व्यासाच्या निदान पाचपट सरळ पाइप सोडतात. खरा शत्रू गाळ आणि क्षार. अडकलेले पाते पाणी थांबले तरी ‘सारे ठीक’ म्हणत राहते! म्हणूनच अधूनमधून यंत्र बंद असताना कामगार मुद्दाम व्हॉल्व्ह बंद करतो आणि घंटा वाजण्याची वाट पाहत उभा राहतो.