वऱ्हाडातील संत्र्याचा पट्टा : पाण्याचा ताण आणि पाण्याची शिस्त

वऱ्हाड म्हटले की कापूस आणि ज्वारी यांची काळी रानेच प्रथम आठवतात. परंतु सातपुडा जेथे मैदानाला मिळतो, तेथे पायथ्यालगत एक हिरवा पट्टा पसरलेला आहे. अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर व अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातील अकोट या तालुक्यांतील संत्र्याच्या बागांचा हा पट्टा होय. बाजारात ‘नागपुरी संत्रा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फळाचा मोठा वाटा वऱ्हाडातील याच बागांतून येतो.

पायथ्याची जमीन

अचलपूर ते अकोट या भागात डोंगरातून उतरणाऱ्या नद्यानाल्यांनी गोटे, वाळू व गाळ आणून टाकला आहे. त्यातून पावसाचे पाणी सहज मुरते. पूर्वेस वरूड-मोर्शीचा भाग वर्धा नदीच्या खोऱ्यात असून तेथे मध्यम खोलीच्या जमिनी व विहिरींचे गोडे पाणी यांवर बागा उभ्या राहिल्या. याउलट, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यात उतरले की खारपाण पट्टा लागतो. तेथील पाणी खारे, माती चिकण आणि निचरा मंद. तेथे संत्रा तग धरीत नाही. काही कोसांच्या अंतराने पीक बदलते, ते जमीन आणि पाणी यांमुळे.

बहाराचे गणित

संत्र्याच्या झाडाला फुलावर आणण्यासाठी प्रथम त्याचे पाणी तोडावे लागते. यालाच ‘ताण देणे’ म्हणतात. झाडाची वाढ थांबते, अन्नसाठा होतो आणि पुन्हा पाणी मिळताच झाड फुलते. अति खोल, भारी जमिनीत ओल लवकर हटत नाही. त्यामुळे ताण नीट बसत नाही व बहारही अनिश्चित राहतो.

बहार मुख्यतः दोन. आंबिया बहारात झाडाला थंडीत विश्रांती मिळते, जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात व ऑक्टोबरपासून फळ तोडणीस येते. मृग बहारात उन्हाळ्यात ताण दिला जातो, पावसाच्या आगमनाबरोबर फुले येतात आणि फळ फेब्रुवारीनंतर मिळते. मृग बहार पावसाच्या लहरीवर अवलंबून असतो. आंबिया बहाराला मात्र एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे विहिरी तळ गाठतात नेमक्या त्याच वेळी, पाणी द्यावेच लागते. म्हणून कोणता बहार धरावा, हा निर्णय शेतकऱ्याने आपल्या विहिरीकडे पाहूनच घ्यावयास हवा.

खोल जाणाऱ्या कूपनलिका

येथेच या पट्ट्यापुढील खरा प्रश्न उभा राहतो. बागा वाढल्या, तसा उपसाही वाढला. वरूड तालुक्याची नोंद भूजल मूल्यांकनात ‘अतिशोषित’ अशी झालेली आहे. विहीर आटली की कूपनलिका, ती आटली की त्याहून खोल कूपनलिका, या क्रमाला अंत नाही. कापसाचे पीक बुडाले तर पुढील वर्षी पुन्हा पेरता येते. वाळलेली बाग पुन्हा फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने ६० मीटरपेक्षा अधिक खोलीच्या विहिरींवर निर्बंध घातले आहेत. परंतु केवळ कायद्याने पाणी वाढत नाही. नाल्यांवरील बंधाऱ्यांतील गाळ काढणे, डोंगरउतारावर पाणी मुरविणे आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडणे ही कामे पंचायतीच्याच पुढाकाराने होऊ शकतात.

बागेतही शिस्त हवी. ठिबक सिंचनाने पाण्याची बचत होते. आळ्याने पाणी द्यावयाचे असल्यास दुहेरी आळे करावे, म्हणजे खोडाला पाणी लागत नाही व डिंक्या रोगास आळा बसतो. शेंदुरजना घाट परिसर संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. जंभेरी खुंटावर डोळा भरलेले निरोगी कलम निवडावे आणि कलमाचा जोड मातीत गाडला जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. १९८५ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या केंद्रीय संशोधन संस्थेने, या बाबतीत मोलाचे मार्गदर्शन केले आहे.

नावाची जबाबदारी

फ्रान्समध्ये लहान लहान गावांची नावे तेथील वाइनमुळे जगभर पोहोचली. आपल्याकडे नाशिक खोऱ्यातील वाइनला तसे भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्यालाही ते लाभले. सैल साल, भरपूर रस व आंबटगोड चव ही या फळाची ओळख. ती या मातीतून, हवेतून आणि वेळेवर तोडलेल्या व वेळेवर दिलेल्या पाण्यातून घडते. मानांकन नावाचे रक्षण करील. त्या नावामागील पाण्याचे रक्षण गावालाच करावे लागेल. शाळेतील विद्यार्थ्यांनी गावातील विहिरींची पातळी दरमहा मोजून ती फळ्यावर लिहिली, तरी या कामाचा आरंभ होईल.