टोनी नामांकनांचे ठोकताळे

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एप्रिल महिना मोठ्या धांदलीचा असतो. नव्या संगीत नाटकांचे पहिले प्रयोग एकामागून एक होत असतात. कारण महिनाअखेरच्या ठरलेल्या तारखेपूर्वीं ज्याचा पडदा वर गेला नाहीं, त्याचा त्या हंगामाच्या टोनी पारितोषिकांसाठीं विचारच होत नाहीं. त्यानंतर थोड्याच दिवसांत नामांकनें जाहीर होतात. तोंपर्यंत नाटकवेड्या मंडळींत एकच खल चाललेला असतो: यंदाच्या पांचांत कोण? हें भाकीत कशाच्या आधारें करतात आणि तें कोठें फसतें, एवढेंच मी आज सांगणार आहें.

अमेरिकन थिएटर विंग या संस्थेनें अँटॉयनेट पेरी या नाट्यसेविकेच्या स्मरणार्थ 1947 सालीं हीं पारितोषिकें सुरू केलीं. सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा मान प्रथम 1949 मध्यें 'किस मी, केट' या नाटकास मिळाला. संगीत नाटक म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें 'सौभद्र' उभें राहतें. पण ब्रॉडवेचा संसार निराळा. तेथें रंगलेलें पद पुन्हा पुन्हा आळविण्यास वाव नाहीं. गाणें, नृत्य आणि कथा यांची वीण घट्ट बांधलेली असते. एकाच नाट्यगृहांत आठवड्याला आठ प्रयोग करावयाचे, आणि तिकिटें खपतील तोंवरच तग धरावयाचा, असा तो व्यवहार आहे. उभारणीलाच लक्षावधि डॉलर लागतात. नामांकन मिळालेल्या संगीत नाटकांना जूनमधील समारंभांत आपला एखादा प्रवेश दूरचित्रवाणीवरून देशभर दाखवितां येतो. याहून मोठी जाहिरात पैसे मोजूनही मिळावयाची नाहीं. 'लेम्पिका' हें चित्रकर्त्रीच्या जीवनावरचें नाटक 14 एप्रिल 2024 रोजीं रंगभूमीवर आलें. त्याला तीन नामांकनें मिळालीं, पण सर्वोत्कृष्ट नाटकांच्या पांचांत त्याचें नांव नव्हतें. 19 मे रोजीं त्याचा शेवटचा प्रयोग झाला. नट, वादक, कपडेपटवाले, पडदे ओढणारे, सगळ्यांचेंच काम एका दिवशीं संपलें. तेव्हां हा खल नुसता रिकामपणचा खेळ नव्हे.

भाकीत करणारा बहुधा पहिली चूक करतो ती अशी, कीं तो "कोणतें नाटक उत्तम?" या प्रश्नापासून आरंभ करतो. आरंभ जागांपासून करावा. ब्रॉडवे म्हणजे मॅनहॅटनमधील 500 वा अधिक आसनांचीं 41 नाट्यगृहें. त्यांत हंगामभरांत नवीं संगीत नाटकें नऊ वा अधिक झालीं तर नामांकनाच्या जागा पांच. सहा ते आठ झालीं तर चार. त्याहून कमी असतील तर तीन. मतें अगदीं लगत पडलीं तर एखादी जागा वाढतेही. 2022 सालीं सहा नाटकें निवडलीं गेलीं. उलट, आजच्याहून निराळे नियम असतांना, 1995 सालीं दोनच नाटकें स्पर्धेंत राहिलीं, 'सनसेट बुलेव्हार्ड' आणि 'स्मोकी जोज कॅफे'. 2024 सालीं पांच जागांसाठीं पंधरा नाटकें होतीं. एकाच गुणाचें नाटक एका वर्षीं सहज आंत येतें आणि दुसऱ्या वर्षीं दाराबाहेर राहतें, त्याचें इंगित पुष्कळदां येथेंच असतें.

शिवाय नवें नाटक कोणतें आणि पुनरुज्जीवित कोणतें, हेंही आधीं ठरावें लागतें. 'हेडविग अँड द अँग्री इंच' 2014 पूर्वीं ब्रॉडवेवर कधींच झालें नव्हतें. परंतु तें अन्यत्र इतकें रुळलेलें होतें, कीं त्याची गणना जुन्या नाटकांत झाली, आणि त्या वर्गाचें पारितोषिकही त्यानेंच नेलें. ज्यांनीं त्याला नव्यांत धरून आपले आडाखे बांधले असतील, त्यांची सारी यादीच चुकली.

आतां निवडणारे कोण तें पाहूं. नामांकन-समितींत रंगभूमीशीं संबंध असलेलीं चाळीसपासून साठपर्यंत माणसें असतात. त्या हंगामांतील कोणत्याही नाटकांत त्यांचा आर्थिक हितसंबंध नसावा, त्यांनीं प्रत्येक नाटक पाहिलेंच पाहिजे आणि मत गुप्तपणें द्यावें, अशी रीत आहे. एक प्रेक्षक वर्षाकांठीं दोन नाटकें हौसेनें पाहतो. ही मंडळी तीस-चाळीस पाहतात. इतकें पाहणाऱ्याला झगमगाटाचें कौतुक लवकर सरतें, आणि एखादी नवी चाल, वेगळा विषय वा अनपेक्षित मांडणी दिसली कीं त्याचे कान टवकारतात. माझ्या मतें साऱ्या ठोकताळ्यांचें मूळ या एका गोष्टींत आहे.

म्हणूनच लहान नाट्यगृहांतून वर आलेल्या नाटकाकडे जाणकार प्रथम पाहतात. 'रेंट', 'फन होम', 'हॅमिल्टन', 'द बँड्स व्हिजिट', 'हेड्सटाऊन', 'अ स्ट्रेंज लूप', 'किंबर्ली अकिम्बो' हीं सर्व विजेतीं नाटकें प्रथम ब्रॉडवेबाहेरच्या छोट्या रंगमंचांवर झालीं. तेथें संहितेवर पुन्हा पुन्हा हात फिरतो, आणि टीकाकारांचें मतही आधींच कळून चुकतें.

लंडनच्या यशावर मात्र विसंबूं नये. 'बॅक टु द फ्यूचर' यास 2022 सालीं लंडनचें ऑलिव्हिए पारितोषिक मिळालें, पण न्यूयॉर्कच्या पांचांत 2024 सालीं त्यास जागा मिळाली नाहीं. तेंच ऑलिव्हिए 2024 मध्यें मिळविणारें 'ऑपरेशन मिन्समीट' पुढच्या वर्षीं पांचांत आलें. तिकीटविक्रीचा पुरावा तर याहून लंगडा. 'द ग्रेट गॅट्सबी' या नाटकास 2024 सालीं एकटें वेशभूषेचें नामांकन मिळालें, आणि तरीही तें पुढें जोरांत चालत राहिलें.

वसंत ऋतूंत आलेलें नाटक समितीच्या स्मरणांत ताजें राहतें, असा एक जुना समज आहे. ऐकावयास तो पटतो खरा. पण 'द बँड्स व्हिजिट', 'किंबर्ली अकिम्बो' आणि 'मेबी हॅपी एंडिंग' हीं तिन्ही नाटकें नोव्हेंबरांत सुरू झालेलीं होतीं. शेवटचें नाटक सोल शहरांत जन्मलें. 2024 मध्यें ब्रॉडवेवर आलें तेव्हां त्याचीं तिकिटें फारशीं खपत नव्हतीं. पुढें त्यानें दहा नामांकनें आणि सहा पारितोषिकें मिळविलीं. टोनीपूर्वीं जाहीर होणाऱ्या इतर नाट्यपारितोषिकांवरूनही लोक अंदाज बांधतात. त्यांत एक मेख आहे. त्यांपैकीं कांहीं संस्था नाटकाचा विचार त्याच्या पहिल्या, छोट्या रंगमंचावरील प्रयोगाच्या वर्षींच करतात. म्हणून यंदाच्या यादींत नांव नसणें म्हणजे नापसंती, असा अर्थ काढूं नये.

भाकितें सपशेल कोसळावीं असें वर्ष म्हणजे 1996. ज्यूली अँड्र्यूज कित्येक वर्षांनीं ब्रॉडवेवर परत आल्या होत्या. त्यांचें 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया' आणि दुसरें खर्चिक नाटक 'बिग', दोन्ही चालू होतीं. लोकांची खात्री होती कीं हीं नांवें येणारच. समितीनें निवडलीं चार: 'रेंट', 'ब्रिंग इन द नॉइज, ब्रिंग इन द फंक', 'क्रॉनिकल ऑफ ए डेथ फोरटोल्ड' आणि 'स्विंगिंग ऑन ए स्टार'. यांतील शेवटचीं दोन केव्हांच बंद पडलेलीं होतीं! ज्यांना नामांकनाचा कपर्दिकेचाही उपयोग नव्हता त्यांना तें मिळालें, आणि ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता तीं बाहेर राहिलीं. 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया'च्या वाट्यास अँड्र्यूजबाईंचें एकच नामांकन आलें. आपल्या सहकाऱ्यांची उपेक्षा झाली म्हणून प्रयोगानंतर रंगमंचावरूनच त्यांनीं तें नाकारलें. त्यांचा संताप मला समजतो. पण समितीनें त्या वर्षीं आपल्या स्वभावाविरुद्ध कांहीं केलें, असें मात्र मला म्हणवत नाहीं.

आपल्या मुंबईचें नांव घेऊन गेलेलें एक नाटक या ठोकताळ्यांवर घांसून पाहण्याजोगें आहे. ए. आर. रहमान यांच्या संगीताचें 'बॉम्बे ड्रीम्स' लंडनमध्यें गाजून 29 एप्रिल 2004 रोजीं ब्रॉडवेवर आलें. जागा चार होत्या, आणि समोर 'अ‍ॅव्हेन्यू क्यू' व 'कॅरोलाइन, ऑर चेंज' हीं लहान नाट्यगृहांतून आलेलीं, शिवाय 'विकेड' आणि 'द बॉय फ्रॉम ऑझ'. त्या चारांनींच जागा भरल्या. 'बॉम्बे ड्रीम्स'ला वेशभूषा, वाद्ययोजना आणि नृत्य यांचीं नामांकनें मिळालीं. नृत्यासाठीं अँथनी व्हॅन लास्ट यांच्या जोडीला आपल्या फराह खान होत्या. 1 जानेवारी 2005 रोजीं तें नाटक बंद झालें.

त्या वर्षीं नामांकनाचें भाकीत बरोबर करणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं विजेता म्हणून 'विकेड'चें नांव घेतलें, आणि ते फसले. विजेता निवडणारे मतदार आठशेंच्या आसपास असतात, आणि त्यांत निर्माते व गांवोगांवच्या नाट्यगृहांचे चालकही असतात. दौऱ्यावर आपल्या गांवीं कोणतें नाटक चालेल, हा हिशेब त्यांच्या मनांत असतो, असें मानलें जातें. पारितोषिक गेलें तें 'अ‍ॅव्हेन्यू क्यू'ला. थोड्याच दिवसांत त्याच्या निर्मात्यांनीं जाहीर केलें, कीं दौरा न काढतां तें नाटक लास व्हेगासला न्यावयाचें. आणि ज्या चालकांनीं त्याला मतें दिलीं होतीं, ते चांगलेच चिडले.