मावळतीला गाठ मारणारा रंगारी

सांगाडे, खनिजं आणि उल्का पाहायला लोक वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात जातात. १९९५मध्ये तिथे चक्क किमोनो लागले. बाह्या पसरून एकमेकांना खेटून टांगलेले. एकावरची डोंगररांग शेजारच्याच्या बाहीवरून पुढे निघालेली. ते घडवणारे होते टोकियोचे इत्चिकु कुबोता.

जन्म १९१७चा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते युझेन पद्धतीच्या रंगकामाला उमेदवार म्हणून लागले. विसाव्या वर्षी टोकियोच्या संग्रहालयात त्यांनी त्सुजिगाहाना कापडाचा एक जुना तुकडा पाहिला आणि तो त्यांच्या मनातून आयुष्यभर हलला नाही. सोळाव्या शतकात ही कला भरात होती. कापड शिवून, आवळून रंगवायचं आणि त्यावर शाईच्या बारीक रेघांनी चित्र काढायचं, अशी तिची रीत. पुढे युझेनसारखी मोकळ्या हाताची चित्ररंगाई आली आणि त्सुजिगाहाना मागे पडली. ती शिकवणारं कुणी उरलं नाही.

मग युद्ध आलं. सैन्यात भरती झालेले कुबोता सोव्हिएत सैन्याच्या हाती लागले आणि सायबेरियाच्या युद्धबंदी छावणीत पोहोचले. त्या उपाशी, गोठलेल्या दिवसांत तिथल्या सूर्यास्तांनी त्यांना धरून ठेवलं. पुढे त्यांच्या रेशमावर जी मावळती पुन्हा पुन्हा उतरली, तिचं मूळ या छावणीत आहे.

मायदेशी परतल्यावर पोटापाण्याचं काम सांभाळून त्यांनी त्या तुकड्याचा माग काढला. पण त्या कापडाचं जुनं पातळ रेशीम आता विणलंच जात नव्हतं. त्यांनी चुणीदार पोताचं चिरिमेन रेशीम घेतलं, कृत्रिम रंग घेतले आणि आपल्या पद्धतीला ‘इत्चिकु त्सुजिगाहाना’ असं वेगळं नाव दिलं. जुन्याची नक्कल करून तिलाच अस्सल म्हणवून घेण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक. पहिलं प्रदर्शन भरलं १९७७मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी. तो तुकडा पाहिल्याला तोवर चाळीस वर्षं झाली होती.

काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. किमोनोचं कापड जेमतेम हातभर रुंदीचं. पट्टे आधी कच्चे टाचून किमोनो उभा करायचा, त्यावर आओबाना या निळ्या फुलाच्या रसाने रेखाटन करायचं आणि टाके उसवून पट्टे पुन्हा सुटे करायचे. हे फूल आपल्या केन्याच्याच कुळातलं; त्याची निळी रेघ पाण्यात पुसून जाते. रेघेवर बारीक धावदोरा घालायचा, दोरा खेचून कापड चुरगळायचं, घट्ट गुंडाळायचं. बांधणी पाहिलेल्या मराठी माणसाला इथवर सगळं ओळखीचं वाटेल. पुढे मात्र तोच भाग रंगवायचा, वाफवायचा, धुवायचा, सोडायचा आणि पुन्हा बांधायचा, असे फेरे सुरू होतात. नारिंगीतून जांभळ्यात सरकणारं आकाश एकावर एक चढलेल्या अशा थरांतून येतं. टाका सैल पडला, तर रंग आत शिरतो आणि आधीची मेहनत वाया जाते. एका किमोनोला वर्षभर लागू शकतं, ते यामुळे.

‘सिम्फनी ऑफ लाइट’ या मालिकेत त्यांना असे ऐंशी किमोनो करायचे होते. शरदातल्या पेटलेल्या रानापासून हिमात बुडालेल्या डोंगरांपर्यंत ऋतू त्यांवरून सरकतात. बर्फाच्या पांढऱ्यात इतक्या छटा असतात, हे तिथे दिसतं. फुजी पर्वतावरची त्यांची मालिका वेगळीच. २००३मध्ये कुबोता गेले तेव्हा ऐंशीचा आकडा पुरा झाला नव्हता.

त्यांनी १९९४मध्ये उभारलेलं संग्रहालय फुजीच्या पायथ्याशी, कावागुची सरोवराच्या उत्तर काठाला आहे. मुख्य दालन जुन्या, अवाढव्य लाकडी तुळयांवर पिरॅमिडसारखं पेललेलं. जपानच्या सहलीला निघालेली मराठी मंडळी फुजीचा फोटो काढायला या सरोवरापर्यंत येतातच. त्यांनी बसवाल्याकडे दोन तास जादा मागून घ्यावेत आणि हे किमोनो डोळे भरून पाहावेत.